‘पंगत’ नावाच्या पदार्थाची खरी गोष्ट

दिल्लीच्या ज्या जेवणघरात मी नोकरीची शेवटची वर्षं कॅप्टन म्हणून काढली, तिथे ‘पंगत’ नावाचा एक पदार्थ मिळतो. पदार्थ आपल्या रोडग्याचा आहे. टेबलावर ठेवताना पाहुण्यांना त्याच्याबरोबर एक छोटी गोष्ट सांगतात. ती गोष्ट माझी आहे, आणि ती खोटी आहे. मी निवृत्त झालो तरी ती माझ्याच शब्दांत सांगितली जाते. यंदा शेफसाहेबांना फोन करून मी म्हटलं की ती बंद करा. ते हसून म्हणाले, “गजाननजी, गेस्ट को अच्छी लगती है. स्टोरी ही तो है.”

म्हणून इथे लिहितो आहे. या अंकाच्या संपादकांनी, म्हणजे मंगरूळपीरच्या आमच्या गुरुजींनी, माझ्याकडे मागितलं होतं वेगळंच. “दिल्लीचे गमतीचे किस्से द्या, मोठमोठ्या लोकांचे. वाचणारा हसला पायजे.” किस्से आहेत माझ्याकडे. दोन-तीन देतोही. पण गुरुजींनी पुढचंही छापावं, ही विनंती.

आधी ते जेवणघर कसं होतं ते सांगतो, कारण गावात मी ‘हॉटेलात होतो’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भजी आणि चहाची किटली येते. आमच्याकडे टेबलं मोजकी. जागा आधी कळवून राखून ठेवावी लागे, काही लोक महिना-महिना थांबत. काय खायचं हे पाहुणा ठरवत नसे, शेफ ठरवायचे. एकामागून एक छोट्या ताटल्या येत राहायच्या आणि जेवण दुपारभर चालायचं. परदेशातल्या मासिकांत आमचं नाव यायचं, उत्तम जेवणघरांच्या याद्यांत यायचं. भिंतीवर मानपत्रं लावलेली होती आणि ती पुसायला वेगळा माणूस होता.

कॅप्टन स्वयंपाक करत नाही. ताटल्यासुद्धा बहुतेक वेळा दुसरेच आणतात. कॅप्टनने टेबल सांभाळायचं. पाहुणा खुर्चीत कसा बसतो, रुमाल मांडीवर घेतो की बाजूला सारतो, पहिला घास घेतल्यावर समोरच्याकडे बघतो की खाली, यावरून आम्हाला बरंच कळतं. नवराबायको भांडून आलेत की येऊन भांडणार आहेत, हे मी पाणी ओततानाच सांगू शकायचो. आणि एक नियम काही झालं तरी मोडायचा नाही. टेबलावरच्या सगळ्यांची ताटली एकाच क्षणी खाली टेकली पाहिजे. एकाला मिळाली आणि दुसरा वाट बघतोय, असं झालं तर मॅनेजर नंतर कॅप्टनला कोपऱ्यात घेऊन जायचा.

प्रत्येक ताटलीची एक गोष्ट असायची. ती अर्ध्या मिनिटात, पाहुण्याच्या भाषेत, पाठ केल्यासारखी न वाटता सांगायची. शेफसाहेब म्हणायचे, गोष्ट नसेल तर बटाटा हा बटाटाच राहतो.

आता किस्से. एके काळी आम्ही सुरुवातीचा घास नदीतल्या गोट्यावर ठेवून द्यायचो. गोटा अर्थातच खायचा नव्हता. पण आमच्याकडे तोवर फुलं खाल्ली जात, माती वाटावी असा चुरा खाल्ला जाई, मेणबत्तीसुद्धा तुपाची करून पावाबरोबर खायला दिली होती. एक कंत्राटदार आला होता, बरोबर त्याचे व्याही. त्याने घास खाल्ला, आजूबाजूला पाहिलं आणि गोटाही उचलून चावला. कडकन आवाज झाला. सगळं टेबल त्याच्याकडे बघायला लागलं. मी वाकून म्हटलं, “माफ करा सर, तुमच्या ताटलीत किचनने चुकीचा दगड ठेवला. हा खायचा नव्हता.” म्हणजे जणू दुसरा खायचा असतो! माणूस दाढ धरून बसला होता, पण त्याची व्याह्यांसमोरची पत राहिली. जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला होता.

दुसरं एक. जेवणघरांवर लिहिणारे काही लोक नाव बदलून येतात. ते आले की ओळखता यावेत म्हणून किचनच्या भिंतीवर त्यांचे फोटो लावलेले असत. एका दुपारी एकटाच माणूस आला. चष्मा, पिकलेल्या मिशा, प्रत्येक घासानंतर खिशातल्या कागदावर काहीतरी लिहायचा. आमची धावपळ उडाली. शेफसाहेब स्वतः दोनदा बाहेर आले. यादीत नसलेल्या ताटल्या गेल्या. शेवटी मी हळूच विचारलं, जेवण कसं वाटलं? तो म्हणाला, “बढ़िया. डॉक्टर ने कहा है जो भी खाओ, लिख के रखो. शुगर है.” कानपूरचा विमा एजंट होता तो. मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून पाठवला होता.

तर असं आमचं काम. समोरच्याची लाज राखायला थोडं खोटं बोलायचं, हे त्या कामाचं अंगच होतं आणि मला ते फार चांगलं जमायचं. म्हणूनच पुढचं घडलं.

आमच्याकडे दुपारच्या आधी कामगारांचं एकत्र जेवण असायचं. एका हिवाळ्यात मला घरची फार आठवण आली म्हणून मी मागच्या अंगणात रोडगे केले. वाचणाऱ्यांना सांगायला नको, पण अंक पुण्या-मुंबईकडे गेला तर म्हणून सांगतो : जाडसर कणकेचे गोळे, आत तेलाचा हात दिलेले पदर, गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप घालायचं. बरोबर वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. शेफसाहेबांनी एक तुकडा खाल्ला आणि तिथेच उकिडवे बसले. म्हणाले, “ये कब बनता है आपके यहाँ?”

मी सांगितलं, मारुतीच्या पारावर भंडारा असतो तेव्हा. सगळा गाव येतो, जमिनीवर एका ओळीत बसतो, पाटील काय नि मजूर काय, सगळे एका पंगतीत.

“सगळा गाव?”

“सगळा गाव.”

त्यांचे डोळे चमकले. महिन्याभरात लिंबाएवढा रोडगा, काचेच्या झाकणाखाली गोवरीचा धूर आणि शेजारी वांग्याचा मऊ गोळा असा पदार्थ तयार झाला. नाव ठेवलं ‘पंगत’. गोष्ट मीच सांगायची असं ठरलं. एका मासिकाने त्यावर दोन पानं छापली. माझा फोटो, माझं नाव, गाव आणि ‘वाशिम जिल्हा’ असं ठळक. पाहुणे नाव घेऊन मला बोलवायला लागले. मला अभिमान वाटायचा. वर्षभरात मी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली असेल की माझी मलाच खरी वाटायची.

शेफसाहेबांना मी ‘सगळा गाव’ म्हटलं तेव्हा खोटं बोलतोय असं मला वाटलंसुद्धा नव्हतं. भीमनगर माझ्या मनात आलंच नाही. गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे बौद्धांची वस्ती, आमच्या गावाचा चांगला चौथा हिस्सा. ती माणसं त्या पंगतीत नसायची, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढची पंगत मला पूर्णच दिसायची. मी मुद्दाम खोटं बोललो असतो तर आज कमी लाज वाटली असती.

आणि एक माणूस तर मी स्वतः त्या पंगतीत बसवला होता.

त्याचं नाव अशोक. भीमनगरातला. मंगरूळपीरच्या हायस्कुलात आम्ही एका बाकावर होतो, जाऊन-येऊन एका सायकलवर. चढाला तो चालवायचा, उताराला मी. गणितं तो मला उतरवून द्यायचा, निबंध मी त्याला सांगायचो. शाळा संपली त्या वर्षी भंडाऱ्याला मी त्याला म्हटलं, चल. तो म्हणाला, “आमच्यातलं कोनी येत नाही तिथं. बाबा रागावतील.” मी म्हटलं, “मी वाढून राह्यलो ना बे. तुले कोन काय म्हणते?”

तो आला. धुतलेला पांढरा सदरा घालून आला. ओळीच्या टोकाला पत्रावळ घेऊन बसला. पत्रावळी मांडणाऱ्याने त्याला ओळखलं नसावं. माझ्या हातात वरणाची बादली होती, माझ्यापुढे एकजण रोडगे वाढत होता. तेवढ्यात माझ्या चुलत्यांनी मला पाराच्या कडेला बोलावलं.

“गजा, तो शेवटचा कोन हाय?”

मी सांगितलं.

“कोनं बसवला?”

मी बादली या हातातून त्या हातात घेतली. चुलते आवाज न चढवता म्हणाले, “उठोवू नको. बोलाचाली व्हईल, देवाच्या दारात बरं नाही दिसत. पान सोड अन् पुढं जाय.”

रोडगेवाल्यालाही त्यांनी डोळ्याने खुणावलं. तो अशोकचं पान सोडून पुढच्या ओळीकडे वळला. मग मी आलो. अशोकने वर माझ्याकडे पाहिलं. हसला. त्याला वाटलं, याच्या हातात वरण आहे, रोडगा मागून येईल. मी त्याच्या शेजाऱ्याच्या पानावर वरण घातलं आणि वळलो. परत भाजी घेऊन आलो तेव्हाही वळलो. सगळ्यांच्या पानावर वाफा निघत होत्या. ‘हरहर महादेव’ झालं, लोक जेवायला लागले. अशोक हिरव्या कोऱ्या पानासमोर मांडी घालून बसला होता. किती वेळ ते माहीत नाही, मी तिकडे बघत नव्हतो. नंतर पाहिलं तर पत्रावळ तशीच होती आणि माणूस नव्हता.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. एकाचं लिहिलं की बाकीच्या गावांना सुटल्यासारखं वाटतं.

अशोक पुढे शिकला, मोठा अधिकारी झाला, दिल्लीत होता हेही माझ्या कानावर होतं. मी त्याला कधी शोधलं नाही. मग एका दुपारी आमच्या मॅनेजरने सांगितलं, “मराठी गेस्ट हैं, आपके ज़िले के. बाप-बेटी. बाप रिटायर हुए हैं. आपको नाम लेके माँगा है.” मी दारातून पाहिलं. केस पांढरे, पण मान जराशी डावीकडे कलती ठेवून ऐकायची तीच सवय. मी रावत नावाच्या दुसऱ्या कॅप्टनला म्हटलं, हे टेबल तू घे. मॅनेजर म्हणाला, “नाम लेके माँगा है, गजाननजी.”

मी गेलो. अशोक म्हणाला, “नमस्कार, गजानन.”

मुलगी खूश झाली. संघमित्रा तिचं नाव, दिल्लीतच वाढलेली, वकिली करायची. “बाबा, तुम्ही ओळखता यांना? मी मासिकात गावाचं नाव वाचलं म्हणून सरप्राइज द्यायला आणलं यांना इथे!”

“एका वर्गात होतो,” अशोक म्हणाला. बस, एवढंच.

ताटल्या येत गेल्या. मी माझं काम केलं. मग ‘पंगत’ आली. दोन्ही झाकणं एकदम उचलली, धूर वर गेला, आणि माझ्या तोंडून गोष्ट सुरू झाली. थांबवता आली असती. चव सांगून निघून जाता आलं असतं. पण तोंडाला सवय होती. मारुतीचा पार, सगळा गाव, पाटील काय नि मजूर काय.

अशोकने गोष्ट पूर्ण होऊ दिली. मग आपल्या बोलीत, हळू आवाजात विचारलं, “सर्वे एकाच पंगतीत बसत का रे?”

“हो, साहेब,” मी म्हटलं. त्याला मी साहेब म्हटलं.

मुलीने दोघांकडे पाहिलं. ती चांगली, सरळ मुलगी होती, तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. म्हणाली, “काका, बाबा तर वेगळंच सांगतात. ते एकदा त्या पंगतीला गेले होते आणि त्यांच्या पानावर कोणी काही वाढलंच नाही. मुद्दाम. मी लहानपणापासून ऐकत आलेय. तुम्ही तर तिथलेच. असं झालं होतं?”

मागच्या टेबलावर परदेशी पाहुणे होते. रावत ताटल्या घेऊन उभा होता. मी नेहमीचं हसू हसलो आणि म्हटलं, “मॅडम, इतकी माणसं जेवायला असतात. वाढता वाढता एखादं पान राहून गेलं असेल.”

तिचा चेहरा मोकळा झाला. हे मला आजही दिसतं. वडिलांचं लहानपणापासून ऐकलेलं दुःख एकदम छोटं झालं, चुकीतून झालेलं निघालं. कोणत्या मुलीला बरं वाटणार नाही? ती म्हणाली, “बघा बाबा! आणि तुम्ही एवढी वर्षं मनात धरून बसलात.”

अशोकने मांडीवरचा रुमाल उचलून टेबलावर ठेवला. रोडग्याला हात लावला नाही. म्हणाला, “पुढचं आणा.”

भरलेली ताटली परत गेली की आमच्याकडे कारण सांगावं लागतं. मी किचनला सांगितलं, पाहुण्याचं पोट भरलंय.

निघताना मुलगी गाडी बोलवायला पुढे गेली. दारात आम्ही दोघंच. अशोक म्हणाला, “राहून गेलं होतं का रे, गजू? मले तं वाटलं, तूच वाढून राह्यला व्हता.”

मी दार उघडून धरलं. कॅप्टनने पाहुण्यासाठी दार उघडून धरायचं असतं.

काही दिवसांनी संघमित्राने, त्या दुपारी निघण्याआधी काढलेला आमचा तिघांचा फोटो टाकून फोनवर एक लेख लिहिला. बाबांच्या मनातली जुनी अढी एका जेवणात कशी सुटली, असा. खूप लोकांनी वाहवा केली. तिने तो मला पाठवला. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्या फोटोत अशोक कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

मी गावी परतलो. शेतीचा तुकडा, दोन म्हशी, गुडघेदुखी. गेल्या हिवाळ्यात अशोक दिल्लीत वारला. मला कळलं ते संघमित्राच्या फोनवरून. रडून झाल्यावर ती म्हणाली, “काका, माझी एक इच्छा आहे. बाबांच्या नावाने मला गावात रोडग्यांची पंगत द्यायची आहे. त्याच मारुतीच्या पारावर. सगळा गाव एकत्र, तुम्ही सांगितलं तसं. बाबांचं तेव्हा राहून गेलं, ते आता त्यांच्या नावाने सगळ्यांना वाढायचं. तुम्ही पुढे व्हाल ना?”

मी हो म्हणालो. फोनवर, कोणी बघत नसतानासुद्धा, मी हो म्हणालो.

सरपंच खूश. गावकरी म्हणाले, लय चांगला विचार हाय पोरीचा. ज्यांच्या घरचे चुलते-आजे त्या दिवशी पारावर होते, ते सगळ्यात जास्त खूश. पोरगी अकोल्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे गाडीने आली, भीमनगरात आत्याकडे उतरली. कणीक, तुरीची डाळ, वांगी, तुपाचे डबे मंगरूळपीरहून आणून आत्याच्याच ओसरीवर ठेवले होते. पंगतीच्या आदल्या सकाळी मला सामान पाहायला बोलावलं.

ओढा ओलांडून भीमनगरात मी किती वर्षांनी गेलो ते आठवत नाही. कौसल्याबाई, म्हणजे अशोकची थोरली बहीण, बाजेवर बसली होती. मला पाहून तिने ‘ये’ म्हटलं नाही की ‘बस’ म्हटलं नाही. अशोकचं नाव काढलं की पोरीचे डोळे भरायचे, कौसल्याबाईचे कोरडे होते. पोरगी मला पाहून म्हणाली, “काका, तुम्हीच समजवा आत्याला. उद्या येत नाही म्हणते.”

“नाहीच येत,” कौसल्याबाई म्हणाली. “आमच्यातलं कोनी येत नाही. माहा भाऊ त्या पारावून उपाशी आलता. आल्यावर मले म्हणे, बाई, माह्यासाठी भाकर टाक. त्या दिसापासून त्यानं रोडगा खाल्ला नाही. अन् तू त्याच्याच नावानं रोडगे घालून राह्यली.”

“आत्या, ते चुकून झालं होतं. काकांनी सांगितलंय मला. बाबांच्या समोर सांगितलंय.”

“चुकून?” कौसल्याबाईने माझ्याकडे पाहिलं. “व्हय का गजानन? चुकून?”

हातात वांग्यांची पाटी होती, ती मी खाली ठेवली. म्हटलं, “नाही.”

पोरगी म्हणाली, “नाही म्हणजे?”

“चुकून नव्हतं. मुद्दाम सोडलं होतं त्याचं पान. माझ्या चुलत्यानं सांगितलं होतं की–”

“मेलेल्या मानसाचं नाव कायले घेतं?” कौसल्याबाई म्हणाली. “बादली कोनाच्या हातात व्हती ते सांग.”

“माझ्या.”

“माह्याकडे पाहून नको सांगू. मले ठाव हाय. तिच्याकडे पाहून सांग.”

मी संघमित्राकडे पाहून सांगितलं. त्याला मीच बोलावलं होतं, हेही सांगितलं. तो माझ्याकडे पाहून हसला होता, तेही सांगितलं.

वकिलीच्या सवयीने असेल, ती एकेक विचारत गेली. “त्या दिवशी रेस्टॉरंटमध्ये खरं बोलला असतात तर तुमची नोकरी गेली असती?”

“नाही.”

“कोणी काही बोललं असतं तुम्हाला?”

“नाही.”

“मग?”

“गोष्ट गेली असती,” मी म्हटलं.

ती ओसरीच्या कडेला बसली. म्हणाली, “मी त्यांना दर वेळी म्हणायचे. आत्याचा फोन आला, गावाचा विषय निघाला की म्हणायचे, बाबा, काका म्हणाले ना, राहून गेलं असेल. आधी ते गप्प बसायचे. दवाखान्यात होते तेव्हासुद्धा म्हटलं मी. आणि शेवटी शेवटी ते ‘असेल’ म्हणायला लागले होते.” तिने तोंडावर हात घेतला. “माझं मन राखायला म्हणत होते ते, काका. मी त्यांना असेल म्हणायला लावलं.”

कौसल्याबाई उठून तिच्याजवळ जाऊन बसली. मी उभाच होतो. मला कोणी जा म्हणेना, म्हणून मी म्हटलं, “बाई, मला माफ–”

“ते नको सुरू करू,” कौसल्याबाई म्हणाली. “इतक्या वर्षांनं येऊन सांगून राह्यला, अन् आता आमी काय करावं म्हणतो? तुह्यं मन हलकं व्हावं म्हणून आमी बसलो नाही इथं.”

थोड्या वेळाने संघमित्राने डोळे पुसले आणि सरपंचांना फोन लावून, पारावरची पंगत होणार नाही, एवढंच सांगितलं. कारण सांगितलं नाही. मग मला म्हणाली, “तिकडे तुमचा फोटो घालून छापून आलं होतं. आता हेही छापा. तुमचं नाव घालून. बाबांचंही घाला.” मी हो म्हटलं, आणि हा लेख म्हणजे ते हो आहे.

प्रश्न राहिला सामानाचा. शेजारच्या बायका जमल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. कोणीतरी म्हणालं, एवढ्या कणकीचं काय करावं वं? कौसल्याबाईने ओसरीकडे पाहिलं आणि म्हणाली, “काय करावं म्हंजे? पोळ्या करा, वांगे करा, वरन करा. रोडगे नको. विहारापुढं सतरंज्या टाका. अशोक आपला व्हता, आपन जेवू.”

बायका कामाला लागल्या. मला हात रिकामे ठेवून उभं राहता येत नाही, आयुष्यभराची सवय. मी म्हटलं, “मी वाढायला थांबतो. एवढं तरी करू द्या.”

संघमित्राच माझ्याजवळ आली. रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू, अदबीने म्हणाली, “नको काका. तुम्ही वाढू नका.”

मी घरी आलो. आमचं घर ओढ्याच्या अलीकडे, अंतर फार नाही, वारा तिकडून असला की बोलणंसुद्धा ऐकू येतं. दुपारी भांड्यांचा आवाज सुरू झाला. मग पोरांचा गलका, मग त्यांना ओळीत बसवणाऱ्या बायकांचा. मी अंगणात खाट टाकून बसलो होतो. बायकोने जेवायला हाक मारली, मी उठलो नाही. पंगत बसली असावी, कारण गलका एकदम थांबला. आणि मग म्हाताऱ्या कौसल्याबाईचा खणखणीत आवाज ऐकू आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जात असावी.

“कोन राह्यलं? सांगा बापा, कोनाच्या पानावर नाही आलं?”

जेवायला सुरुवात करण्याआधी वाढपी हे विचारतोच. ती विचारत गेली, कोणी ‘इकडे, इकडे’ म्हणालं, तिकडे तिने वाढलं असेल, पुन्हा विचारलं. मी ते शेवटपर्यंत ऐकलं.